क्रंबल (खाद्यपदार्थ)

क्रंबल हा चिरलेल्या फळांवर मैदा, बटर व साखर यांचा भरभरीत थर पसरून ओव्हनमध्ये भाजला जाणारा गोड पदार्थ आहे. तो मूळचा ब्रिटनमधील असून जेवणाच्या शेवटी कस्टर्ड, साय किंवा आइस्क्रीमसोबत गरम वाढला जातो. 'चुरा होणे' या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरून त्याला हे नाव मिळाले. क्रंबलमध्ये अंडी, यीस्ट किंवा बेकिंग पावडर आवश्यक नसते. पीठ मळावे वा लाटावेही लागत नाही. त्यामुळे भाजकामाचा सराव नसलेल्यांनाही तो सहज जमतो. दालचिनी व सुंठ हे त्यातील रूढ मसाले होत. काळ्या मिरीचा वापर मात्र अनपेक्षित मानला जातो.

इतिहास

ब्रिटनमध्ये फळांचा 'पाय' हा पदार्थ जुना आहे. त्यात करंजीप्रमाणे फळांचे सारण पिठाच्या पारीत बंद केले जाते. पारीसाठी पीठ व स्निग्ध पदार्थ दोन्ही बरेच लागतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० पासून बटर व साखर यांचे शिधावाटप सुरू झाले. या टंचाईत पारीऐवजी फळांवर पिठाचा चुरा पसरणे सोयीचे ठरले व क्रंबल घरोघरी रुजले, असे सामान्यतः मानले जाते. मैद्याचा काही भाग वगळून ओट घालण्याची पद्धतही त्यास पूरक होती. शिधावाटप ४ जुलै १९५४ रोजी पूर्णपणे संपले. तथापि काटकसरीतून रूढ झालेला हा पदार्थ टिकून राहिला.

फळे

सफरचंद, ब्लॅकबेरी, आलुबुखार, नासपती व रुबार्ब यांचे क्रंबल विशेष प्रचलित आहे. रुबार्ब वनस्पतिशास्त्रदृष्ट्या फळ नसून एका वनस्पतीच्या पानांचे आंबट देठ होत; तिची पाने विषारी असल्याने काढून टाकतात. सफरचंदांपैकी 'ब्रॅम्ली' ही आंबट जात ब्रिटनमध्ये खास शिजवण्यासाठी वापरली जाते. तिचे मूळ झाड इंग्लंडमधील साउथवेल येथे १८०९ साली लावलेल्या बियांपासून उगवले. भारतीय बाजारात मिळणारी डेलिशियस प्रकारची सफरचंदे गोड व कमी आंबट असतात. म्हणून ती वापरताना लिंबाचा रस घालणे व साखर कमी करणे इष्ट ठरते.

थराचा खुसखुशीतपणा

वरच्या थराचा पोत पिठाला लावलेल्या स्निग्धांशावर अवलंबून असतो. मैद्यातील प्रथिने पाण्याशी संयोग पावली की ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते. बटर पिठाच्या कणांवर आवरण धरते व पाणी त्यांच्यापर्यंत सहज पोहोचू देत नाही. परिणामी थर चिवट न होता ठिसूळ राहतो. शंकरपाळी किंवा करंजीच्या पिठाला मोहन चोळण्यामागेही हेच तत्त्व आहे. पीठ मुठीत दाबल्यास मुटका वळावा व बोट लावताच तो फुटावा, ही मोहनाची परिचित कसोटी क्रंबललाही लागू पडते. मैदा, बटर व साखर यांचे वजनी प्रमाण साधारणतः २:१:१ असते. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असल्याने १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम थिजलेले तूप पुरेसे होते.

मसाले

सफरचंदाबरोबर दालचिनी वा लवंग आणि रुबार्बबरोबर सुंठ ही जोडी रूढ आहे. महाराष्ट्रातील गोड पदार्थांत वेलदोडा व जायफळ यांना जे स्थान आहे, तेच तेथे या मसाल्यांना आहे. काळी मिरी दोन्हीकडे मुख्यतः तिखटामिठाच्या पदार्थांत घातली जात असल्याने गोडात ती अनपेक्षित वाटते. परंतु हा प्रयोग सर्वस्वी नवा नाही. अपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाकग्रंथात खजुरात सुका मेवा किंवा मिरपूड भरून ते मधात तळण्याची कृती आहे. इटलीतील 'पानपेपातो' या सुक्यामेव्याच्या गोड पदार्थातही मिरी असते.

मिरीचा तिखटपणा पायपरीन या द्रव्यामुळे असतो व ओव्हनच्या उष्णतेतही तो बहुतांशी टिकतो. तिचा सुगंध मात्र उडनशील तेलांमुळे असल्याने जुन्या पुडीत तो उरत नाही. म्हणून मिरी ऐनवेळी कुटावी. पायपरीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे वरच्या थरात घातलेली मिरी बटरबरोबर सर्वत्र पसरते, तर फळांत घातलेली जाडसर मिरी मधूनच दाताखाली येते. मात्रा मर्यादित ठेवल्यास फळाचा आंबटगोडपणा उठून दिसतो. अधिक झाल्यास फळाची चव झाकली जाते.

कृती

सहा जणांसाठी साहित्य: सफरचंदे ८०० ग्रॅम, फळांसाठी साखर ४० ग्रॅम, एका लिंबाचा रस, मैदा २०० ग्रॅम, थंड बटर १०० ग्रॅम, थरासाठी साखर १०० ग्रॅम, ताजी कुटलेली मिरी अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर मीठ.

१. ओव्हन १८० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा.
२. सफरचंदे सोलून, बिया काढून सुमारे २ सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. त्यांना साखर, लिंबाचा रस, एक मोठा चमचा मैदा व निम्मी मिरी लावून त्या पसरट भांड्यात घालाव्यात.
३. उरलेल्या मैद्यात मीठ, उरलेली मिरी व बटरचे तुकडे घालून बोटांच्या टोकांनी चोळावे. मिश्रण रवाळ झाल्यावर साखर मिसळावी.
४. हे मिश्रण फोडींवर सैलसर पसरावे, दाबू नये.
५. थर सोनेरी होऊन कडेने रस उकळेपर्यंत, सुमारे ३५ ते ४० मिनिटे भाजावे. १० मिनिटे निवू देऊन वाढावे.

संभाव्य दोष

थर ओलसर राहणे हा क्रंबलमधील नेहमीचा दोष होय. फळांना अधिक रस सुटणे, मिश्रण दाबून बसवणे किंवा चोळताना हाताच्या उष्णतेने बटर वितळणे ही त्याची कारणे असतात. फोडींना लावलेला मैदा सुटणारा रस दाट करतो. बटर मऊ पडल्यास मिश्रण १५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. भाजलेले क्रंबल गरम असताना झाकल्यास वाफेने थर मऊ होतो.

तत्सम पदार्थ

जर्मनीत 'श्ट्रॉयझल' या नावाचा असाच चुरा केकवर पसरला जातो. स्वीडनमध्ये 'स्मूलपाय' हा क्रंबलसारखा पदार्थ आहे. अमेरिकेतील 'क्रिस्प'च्या थरात बहुधा ओट असतात, तर 'ब्राउन बेटी'मध्ये फळे व गोड पावचुरा यांचे थर एकाआड एक रचले जातात.