बंड्याची पाठ

बंड्या आमचा डॅशहुंड. सोसायटीतली पोरं त्याला 'लोकल' म्हणतात, कारण तो वळला की मागचे डबे जरा उशिरा वळतात. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तो दिवाणाखालून बाहेर आला तो पुढच्या दोन पायांवरच. मागचे दोन फरशीवरून नुसते फरफटत होते. वय वर्षं पाच! डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, या जातीत हे नेहमीचंच.

'नेहमीचंच' हा शब्द काही माझ्या डोक्यातून जाईना. एखादा प्रोग्रॅम नेहमीच त्याच जागी झोपत असेल तर आपण मूळ कारण शोधतो ना? झालं. सहा आठवडे बंड्या पिंजऱ्यात सक्तीच्या विश्रांतीवर, आणि मी दर शनिवार-रविवार त्याच्या खानदानाच्या मागे. त्यात ताईला नेमकं याच सुमारास बंड्यासारखंच पिल्लू घ्यायचं होतं, माझ्या भाच्यासाठी. म्हणजे उत्तराची वाट बघणारं कोणीतरी होतं.

आपण डॅशहाउंड, डॅशंड, काय वाट्टेल ते म्हणतो. शब्द जर्मन. डाक्स म्हणजे बॅजर, हुंड म्हणजे कुत्रा. खुद्द जर्मनीत मात्र याला डाकल नाहीतर टेकल म्हणतात. बॅजर हा जमिनीखाली लांबलचक बिळं करून राहणारा, दहा-बारा किलोचा, दणकट नखांचा आणि जबड्याचा प्राणी. त्याच्या बिळात शिरायचं, अंधारात एकट्याने त्याला अडवून धरायचं, आणि वर उभ्या शिकाऱ्याला ऐकू जाईल असं भुंकत राहायचं, म्हणजे तो वरून खणत येईल. ही याची ड्यूटी. खाली हुकूम द्यायला कोणी नाही, निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. बंड्याला दहा हाका मारल्या तरी तो हातातलं (तोंडातलं!) काम संपवूनच का येतो, आणि एवढ्याशा जीवाचा आवाज तीन मजल्यांना का पुरतो, ते मला तेव्हा कळलं. जर्मनीत याचे प्रकार छातीच्या घेरावरून ठरतात. सगळ्यात छोट्याचं नावच मुळी ससा-टेकल. कोण कुठल्या बिळात मावणार, याचा साधा हिशेब.

एकोणिसाव्या शतकात हा बिळातून थेट राजवाड्यात पोचला. राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट जर्मन, त्यामुळे तिच्याकडे डॅशहुंड आले, आणि राणीने पाळलं की लंडनने पाळलंच. इंग्लंडमध्ये डॅशहुंड क्लब निघाला १८८१ मध्ये, जर्मनीत १८८८ मध्ये. म्हणजे माहेरी सात वर्षं उशीर! पण शोच्या रिंगणात बीळ नसतं. बीळ असतं तेव्हा फार लांब, फार बुटका कुत्रा आत अडकतो आणि विषय तिथेच संपतो. रिंगणात तो बक्षीस घेऊन घरी येतो. मला वाटतं, गाडी रुळावरून घसरली ती इथेच.

मग १९१४ उजाडलं आणि हा बिचारा एका रात्रीत शत्रू ठरला. इंग्लंड-अमेरिकेतले व्यंगचित्रकार जर्मनी दाखवायची तर डॅशहुंड काढायला लागले. बर्कहॅमस्टेडच्या हमरस्त्यावर एका डॅशहुंडाला लोकांनी दगड मारल्याची आठवण ग्रॅहम ग्रीनने आत्मचरित्रात लिहून ठेवलीय. तिकडे कैसर विल्हेल्मची सेंटा नावाची कुत्री पराभवानंतर त्याच्याबरोबर हॉलंडला गेली. डोर्नच्या बागेत तिचं थडगं आहे. पुढे १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकला पहिला अधिकृत मॅस्कॉट मिळाला तो 'वाल्डी', रंगीत पट्ट्यांचा डॅशहुंड. मॅरेथॉनचा मार्गसुद्धा त्याच्या आकाराचा आखला होता. असो.

आता मूळ कारण. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की डॅशहुंड, कॉर्गी, बॅसेट अशा आखूड पायांच्या जातींत वाढीशी संबंधित एका जीनची जास्तीची प्रत भलत्याच जागी चिकटलेली आहे. अक्षरशः कॉपी-पेस्ट. २०१७ मध्ये त्याच जीनची दुसरी प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर सापडली. ही प्रतही पाय आखूड करते, पण त्याचबरोबर मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक करून टाकते. जेलीसारखा मऊ भाग चुन्यासारखा होतो, धक्का झेलत नाही, आणि एक दिवस फुटून वर मज्जारज्जूवर दाबतो. म्हणजे 'लांब पाठ म्हणून वाकली' ही आमच्या बाबांची थिअरी अर्धवटच. फीचर आणि बग एकाच कोडमध्ये आहेत. नुसती पहिली प्रत ठेवून दुसरी काढता येईल म्हणावं, तर ती दुसरी जवळजवळ प्रत्येक डॅशहुंडात आहे. काढणार कुठून? साधारण चार-पाचांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो.

२०२४ मध्ये जर्मनीत प्राणीसंरक्षण कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा आला. वेदना देणाऱ्या शारीरिक लक्षणांसाठी पैदास नको, असं त्यात होतं. 'आमचा डाकल बंद होणार' म्हणून तिथे केवढा गहजब झाला! सरकारला सांगावं लागलं की कुठली जात बंद करायचा विचार नाही. त्या लोकांचा मला राग येत नाही. मीसुद्धा तसाच ओरडलो असतो.

बंड्या आता चालतो. मागचा डावा पाय जरा उशिरा टेकतो. बाबांनी दिवाणाला प्लायवूडची उतरंड करून दिली, तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी आम्ही दिवाणाचे पायच काढून टाकले.

ताईला मी नको म्हणालो. ती म्हणाली, "तुझ्याकडे आहे, म्हणून तुला बोलायला सोपं." त्यावर मला काही उत्तर सुचलं नाही. बंड्या तेव्हा माझ्याच मांडीवर झोपला होता.