जत्रेतील मिठाईवाल्यांची जागा

महाराष्ट्रातील ग्रामदैवतांच्या जत्रांविषयी लिहिताना देवस्थानाच्या सनदा, मानकऱ्यांचे क्रम आणि पालख्यांचे मार्ग यांची जेवढी चिकित्सा झाली, तेवढी देवळाबाहेर पाल ठोकून गोडी शेव, रेवड्या आणि बत्तासे विकणाऱ्या दुकानदाराची झालेली नाही. आणि तरीही जत्रेहून परतणारा कुणबी ज्या पुडीतून देवाचा प्रसाद घरी नेत असे, ती पुडी बहुधा याच उपेक्षित माणसाने बांधलेली असे. त्याच्या धंद्याचा इतिहास हा मुख्यतः बसण्याच्या जागेचा इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे.

मराठा अमदानीत बाजार हा वतनाचा विषय होता. नवी पेठ वसवावयाची झाल्यास सरकार कौल देऊन काही वर्षे करांची सूट देई, आणि पेठेची व्यवस्था शेटे-महाजन या वतनदारांकडे असे. माल मांडणाऱ्याने त्यातील मूठभर भाग फसकी म्हणून हक्कदारांना द्यावा, अशी वहिवाट असे. उदीम-व्यवसायांवरचा मोहतर्फा निराळाच. इंग्रजी राज्यात 1844 च्या 19 व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील मोहतर्फा आणि त्यासारख्या व्यवसायपट्ट्या रद्द झाल्या. दुकान मांडण्याच्या जागेचे मोल मात्र त्यामुळे नाहीसे झाले नाही.

जत्रेत नेमके हेच पदार्थ का रुजले, याचे उत्तर उन्हात आणि धुळीत आहे. दुधाची मिठाई चैत्राच्या उष्म्यात टिकत नाही, तर गुळाचा किंवा साखरेचा पाक चढविलेला कोरडा जिन्नस दोन-चार दिवसांच्या प्रवासानंतरही खाण्याजोगा राहतो. रेवडीच पाहा. साखरेचा पाक गोळीबंद झाला की तो तेलाचा हात फिरविलेल्या परातीत ओततात आणि हाताला सोसवेल इतका निवताच त्याचा लोळा खांबाला ठोकलेल्या जाड खिळ्यावर टाकून ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात. या ओढीने पाकात हवा शिरून त्याचा रंग पांढरा आणि पोत खुसखुशीत होतो. मग लांब वळ्या करून तुकडे पाडावयाचे, आणि ते गरम कढईतील भाजलेल्या तिळांत घोळून चपटे करावयाचे. पाक एकदा थिजला की सारा घाणा वाया जातो. म्हणून ओढणाऱ्याला मध्येच हात आखडता येत नाही, मग समोर गिऱ्हाईक कितीही ताटकळत असो.

अशा दुकानाला भांडवल थोडे लागे, पण तेही बहुधा स्वतःचे नसे. हरभऱ्याची डाळ, गूळ, तेल आणि तीळ तालुक्याच्या गावच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलावयाचे आणि हंगाम संपल्यावर खाते चुकते करावयाचे. हा हंगाम कुणब्याच्या हाती पैसा येण्याशी बांधलेला होता: पिके निघाल्यावर पौषापासून जत्रा सुरू होत आणि देशावर चैत्र-वैशाखात त्यांची दाटी होई, तेव्हा दुकानदार बैलगाडीत कढई, झारा आणि पालाचे बांबू घालून एका देवाकडून दुसऱ्याकडे जाई. पावसाळ्यातील आषाढी वारी हा मोठा अपवाद. तेथे चुरमुरे, लाह्या, बत्तासे खपत, परंतु पंढरपुरास वारंवार उद्भवणाऱ्या पटकीच्या साथीने साऱ्या धंद्यावर पाणी पडण्याचे भयही असे.

गोव्यात या फिरत्या व्यवसायाने धर्माची सीमाही सहज ओलांडली. बेसनाच्या कांड्यांवर आल्याच्या स्वादाचा गुळाचा पाक चढवून खाजे करणारे हिंदू खाजेकार शिरगावच्या लईराईच्या जत्रेत बसतात, तसेच म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तातही बसतात. लोकश्रद्धेप्रमाणे या दोघी बहिणीच होत. चर्चच्या दारातही खाजे हवेच असते, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात अत्यंत मनोज्ञ वाटते.

इकडे महाराष्ट्रात स्वातंत्र्योत्तर काळात 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने यात्रांवर आणि बाजारांवर कर बसविण्याचा अधिकार पंचायतींना दिला, आणि पुष्कळ गावी जागांचा लिलाव रूढ झाला. त्यातून गावाला पाण्याची आणि दिव्यांची सोय करण्यास पैसा मिळाला, हे न्यायाचे झाले. परंतु सारे मैदान एका मक्तेदाराने घ्यावे आणि फुटाच्या हिशेबाने दुकानदारांस पोटभाड्याने द्यावे, ही रीत जेथे पडली तेथे धंदा नव्याने सुरू करणाऱ्याचे भांडवल कढई चढण्यापूर्वीच सरू लागले. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तात्पुरत्या दुकानालाही नोंदणी आवश्यक केली. ती आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. जागेचा दर मात्र पंचायतीने स्वतः ठरवून सरळ दुकानदाराकडून वसूल करावा, आणि ज्याच्या घराण्याने तीन पिढ्या त्याच वडाखाली पाल ठोकले, त्याला ती जागा प्रथम विचारावी, एवढी तजवीज आजही करता येण्यासारखी आहे.