घरी बांधलेली विमानं आणि त्यांची जत्रा

अमेरिकेत छोट्या धावपट्ट्यांवर ‘फ्लाय-इन’ भरतात. लोक आपापली विमानं उडवत येतात, गवतावर रांगेत लावतात आणि दिवसभर गप्पा मारतात. आपल्याकडची जत्राच म्हणा ना! यातली बरीच विमानं मालकांनी स्वतः गॅरेजमध्ये बांधलेली असतात. तिथे गेलात तर एक गोष्ट दिसेल. लोक आकाशाकडे कमी बघतात. वाकून विमानाच्या पोटात जास्त डोकावतात. ‘हा जोड कसा केलात?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न. आज या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे.

१९०३ साली उडालेलं राइट बंधूंचं विमानही तसं घरगुतीच, सायकलच्या दुकानात घडलेलं. पुढे कारखाने आले, अपघात झाले, नियम कडक झाले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत घरी बांधलेलं विमान रीतसर उडवणं जवळजवळ अशक्य झालं. ओरेगन राज्यातले हौशी लोक मात्र चिकाटीचे. त्यांच्यातले जॉर्ज बोगार्डस १९४७ साली ‘लिटल जी बी’ हे आपलं चिमुकलं विमान उडवत थेट वॉशिंग्टनला गेले, म्हणजे देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला! नुसता अर्ज करण्यापेक्षा विमानच पुराव्यादाखल नेलं. पुढच्या काही वर्षांत हौशी बांधणीचा स्वतंत्र वर्ग नियमांत आला. मुख्य अट अशी की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असावं.

परवानगी मिळाली, पण चूक दाखवणार कोण? इथे फ्लाय-इनचं महत्त्व कळतं. जानेवारी १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली. त्याच सप्टेंबरमध्ये पहिला फ्लाय-इन भरला. नोंदलेले पाहुणे दीडशेहून कमी, विमानं मोजकीच. हा मेळा १९५९ साली रॉकफर्डला आणि १९७० साली ऑशकॉशला गेला. आता तिथे दरवर्षी हजारो विमानं उतरतात. पण मूळ काम तेच राहिलं: एकानं केलेली चूक दुसऱ्यानं पुन्हा करू नये.

आता मुंबईकडे या. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मात्र २०१७ साली, बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर मिळाली. जिद्द बोगार्डस यांच्याइतकीच. पण त्यांच्याभोवती ओरेगनसारखी हौशी मंडळी नव्हती. आपण अशा माणसाचं कौतुक करतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. मला वाटतं, शेजारी वाकून ‘हा जोड कसा केलात?’ असं विचारणारी चार माणसं मिळणं, हे त्या टाळ्यांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.