उंदीर पडले

घरात उंदीर आहेत हे ओळखण्याची विद्या कुणी पुस्तकातून शिकलेले नसते. फडताळाच्या कोपऱ्यातल्या काळ्या लेंड्या, कुरतडलेल्या पोत्यातून सांडलेले दाणे, नेहमीच्या वाटेवर भिंतीला आलेला तेलकट काळपटपणा, रात्री आढ्यावरची खुडखुड. या खुणांची खरी वाचक म्हणजे घरातली बाई. १८९६ नंतर मात्र त्यांचा अर्थच उलटला. आता भय खुडखुडीचे नव्हते, ती एकाएकी थांबण्याचे होते.

मराठीत याला 'उंदीर पडणे' म्हणतात. हे क्रियापद आम्हाला महत्त्वाचे वाटते. पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, तसे उंदीरही पडतात; मरणे एकट्याचे असते, पडणे साऱ्या गावावर असते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काळा उंदीर माणसाच्याच छपरात राहणारा. तो मेला, अंग थंड पडले, की त्याच्यावरच्या पिसवा दुसरा आसरा शोधतात. उंदीर उरले नसतील तर माणूस. म्हणजे मेलेला उंदीर ही आगाऊ मिळालेली सूचना होती.

१८९७ साली पुण्यात रँडच्या अमलाखाली सोल्जर घरोघर शिरले ते रोगी शोधण्यासाठी. त्यांनी काखा आणि जांघा तपासल्या, सामान जाळले. २२ जूनच्या गोळ्यांचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. या झडतीने घर आणि सरकार यांच्यातला संवादच संपवला, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ज्या घरात दुखणेकरी लपवला जात होता, त्या घराने मेलेला उंदीर आपण होऊन दाखवावा, अशी अपेक्षा कुणी करावी?

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने पिसवेचा दुवा प्रयोगाने दाखवला. त्यावर विश्वास बसायला काही वर्षे जावी लागली. १९०५ पासून मुंबईत परळच्या संशोधकांनी प्लेगच्या घरांत गिनिपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा मोजल्या. उंदीर पडू लागताच गाव सोडून माळावर झोपड्या घालणाऱ्यांनी ही मोजणी केली नव्हती. कारण त्यांना ठाऊक नव्हते, पण खूण त्यांनी बरोबर वाचली होती. अडाण्यांची घबराट म्हणून तिची बोळवण करणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर पडले. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य तसेच राहिले होते, आणि उंदरांना ते पुरेसे होते. पिसवांचा उपद्रव वाढल्याची पहिली तक्रार तेव्हाही गावकऱ्यांनीच केली होती.