जामखेडचे गणित

शास्त्रात काही नवे संशोधन झाले असे ऐकले म्हणजे ते कोठे झाले असावे, याविषयी आपल्या मनात एक ठरलेले चित्र उभे राहते. केसाएवढ्या बारीक काचतंतूतून प्रकाश कोसच्या कोस कसा न्यावा याचा विचार करणारे विद्वान सुसज्ज प्रयोगशाळेतच बसलेले असावयाचे. रोगावरचा नवा उपाय मोठ्या रुग्णालयातच सिद्ध व्हावयाचा. आणि गणिताला खडू व फळा यांपलीकडे काही लागत नसले तरी तो फळा विद्यापीठातलाच असावयाचा. काचतंतूंच्या बाबतीत हे चित्र पुष्कळसे खरे आहे. परंतु वैद्यक आणि गणित यांची जेथे गाठ पडते, तेथील एक मोलाचे संशोधन नगर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, जामखेडच्या कोरडवाहू गावांत घडले. आणि ते करणाऱ्यांपैकी पुष्कळ स्त्रियांस अक्षरओळखही नव्हती. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. ज्या अहिल्याबाईंवरून ते दिले गेले त्यांचे जन्मगाव चौंडी याच जामखेड तालुक्यात आहे, हा योगायोग सहज आठवला म्हणून सांगितला. आम्हांस येथे सांगावयाचा आहे तो या तालुक्यातील एका आकड्याचा इतिहास, आणि त्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा याचा विचार.

वैद्यक आणि गणित यांचा संबंध तसा नवा नव्हे. देवी टोचून घ्याव्यात की नाहीत, या वादात डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७६० मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे एक हिशेब मांडला. देवीचा रोग नाहीसा झाला तर माणसाचे सरासरी आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढेल, असे त्याने मृत्यूच्या कोष्टकांवरून दाखविले. पण त्याला ती कोष्टके आयती मिळाली होती. आपल्याकडील अडचण नेमकी तेथेच आहे. खेड्यातले मूल जन्मले केव्हा आणि गेले केव्हा, हे आईच्या मनाबाहेर कोठेही लिहिलेले नसे. गावचा पाटील जन्ममृत्यूची नोंद ठेवी खरी. परंतु बारशाआधीच गेलेले मूल त्या वहीत क्वचितच चढे. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा सबंध देशाला लागू असा कायदा १९६९ साली झाला, यावरून या बाबतीत आपण किती उशिरा जागे झालो ते दिसेल.

डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ साली याच जिल्ह्यातील सुपे येथे झाला. आईवडील दोघेही शिक्षक. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल या जबलपूरच्या. दोघांचे वैद्यकाचे शिक्षण वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले आणि १९६० मध्ये त्यांचा विवाह झाला. १९६२ ते १९६६ या काळात त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तेथे त्यांस जे दिसले ते प्रत्येक खेड्यातल्या डॉक्टरास दिसते. फरक इतकाच की त्यांनी त्याचा विचार केला. हगवणीने सुकलेले मूल यावे, बरे होऊन घरी जावे आणि काही महिन्यांनी तेच मूल, किंवा त्याचे धाकटे भावंड, त्याच दुखण्याने पुन्हा यावे. रोगी बरा होई, पण रोगाचे गावात काहीच बिघडत नसे. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करताना त्यांस कार्ल टेलर हे गुरू भेटले. टेलर यांचा जन्म मसुरीचा, आणि हिंदुस्थानातील खेड्यांचे आरोग्य हा त्यांच्या जन्माचा विषय.

१९७० मध्ये हे दांपत्य जामखेडास आले. सुरुवातीला आठ गावे व सुमारे दहा हजार वस्ती इतकाच पसारा होता. गावच्या पुढाऱ्यांनी दवाखान्यासाठी दाखविलेली जागा म्हणजे गुरांचा ओस पडलेला जुना दवाखाना. त्यातच दुष्काळ आला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांस त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांस ते चार ओळींत सांगून कळणार नाही. अशा वेळी लोकांनी डॉक्टरांकडे औषध न मागता अन्न आणि पाणी मागितले, यात नवल नाही. कूपनलिका खणावयाचे ठरले तेव्हा आरोळ्यांनी एक युक्ती केली: नलिकेची जागा दलित वस्तीत निघेल असे पाहिले. मग सवर्णांच्या बायकांस तेथेच घागर घेऊन यावे लागले. वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात न सांगितलेला हा उपाय किती रोगांवर चालला, याचा मात्र हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मूळ योजना अशी होती की प्रत्येक गावी एक शिकलेली परिचारिका ठेवावी. ती फसली. परक्या गावात एकटीने राहावयास तरुण मुली तयार होत ना, आणि ज्या राहिल्या त्यांचे गावकरी ऐकत ना. तेव्हा गावातल्याच माणसांनी सुचविले की, आमच्यातलीच एखादी बाई का शिकवीत नाही? ही सूचना डॉक्टरांची नव्हे, गावकऱ्यांची, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण पुढे जगभर या पद्धतीचे श्रेय वाटले गेले तेव्हा हा वाटा बहुधा विसरला गेला. गावाने निवडलेल्या बाया बहुतेक प्रौढ होत्या. पुष्कळजणी निरक्षर, कित्येक दलित, कोणी विधवा तर कोणी टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडास येत, एकत्र जेवत, एकाच खोलीत निजत, आणि शिकत. सगळ्या जातींच्या बायका एका पंगतीला बसल्या, हाच कित्येकींच्या दृष्टीने पहिला आणि सर्वांत अवघड धडा होता.

शिकावयाचे ते काय? आधी हात धुणे. बाळंतपणात नाळ स्वच्छ पात्याने कापणे. गरोदर बाईच्या पायावर सूज दिसली तर तिला वेळेवर दवाखान्यात पाठविणे. जन्मलेल्या मुलास लगेच अंगावर पाजणे, आणि ते काही महिन्यांचे झाले की दुधाबरोबर मऊ भात किंवा डाळीचे पाणी सुरू करणे. आणि हगवण लागलेल्या मुलाचे पाणी न तोडता त्याला उलट अधिक पाणी पाजणे. लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ: औषध म्हणावे तर एवढेच. वाचकांस हे फारच सोपे वाटेल. पण याच साध्या तत्त्वाने १९७१ मध्ये बंगालच्या सरहद्दीवर, बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीचे असंख्य रोगी वाचविले, आणि विसाव्या शतकातील वैद्यकाच्या मोठ्या शोधांत पुढे त्याची गणना झाली. हगवण झाल्यावर पोटाला विश्रांती द्यावयाची ही आपली पिढीजात समजूत. ती समजूत डॉक्टरने सांगून मोडत नाही. शेजारच्या घरची, आपली भाषा बोलणारी आणि स्वतःचीही मुले गमावलेली बाई सांगू लागली म्हणजे मोडते.

या बायांचे दुसरे काम मोजण्याचे. गावात कोण गरोदर आहे, कोण बाळंत झाली, कोणाचे मूल गेले, हे त्या जाणत आणि तोंडपाठ ठेवीत. जिला लिहिता येई ती लिही. जिला येत नसे तिने सांगावे आणि फिरत्या पथकातल्या माणसाने टिपून घ्यावे. शेतकरी मंडळातल्या पुरुषांनी मुलांची वजने करण्याचे काम उचलले. असे मोजल्यावर १९७१ चा जो पहिला आकडा निघाला तो १७६. म्हणजे जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले पहिल्या वाढदिवसाच्या आत गेलेली. १९७६ मध्ये हाच आकडा ५२ झाला आणि १९९६ मध्ये २६.

येथे आमच्यातला शंकेखोर मनुष्य उठून उभा राहतो, आणि त्याला बसविण्यात अर्थ नाही. हजार वस्तीचे एक गाव घ्या. हजारी चाळीस जन्म धरले तर वर्षाला चाळीस मुले, आणि १७६ च्या हिशेबाने त्यांतली सात मरावयाची. एखाद्या वर्षी दैवयोगाने पाचच मेली तर आकडा १२५ होतो. नऊ मेली तर २२५. गावाने काहीही न करता केवळ योगायोगाने एवढी उलथापालथ होते. मृत्यूंची जी संख्या अपेक्षित असेल तिच्या वर्गमुळाइतका चढउतार साधारणतः योगायोगानेच होत असतो, हे गणित सांगते. म्हणून एका गावाच्या आकड्याला किंमत नाही. आता दहा हजार वस्ती घेऊ. जन्म चारशे, अपेक्षित मृत्यू सत्तर, योगायोगाचा चढउतार आठ-नऊ. पाच वर्षांनी त्याच चारशे जन्मांत मृत्यू एकवीसच झाले तर सत्तर व एकवीस यांतील अंतराला योगायोग म्हणणे शक्य नाही. काही तरी खरोखर बदलले.

पण ते आरोळ्यांमुळे बदलले काय? मृत्यू सगळीकडेच कमी होत होते. सबंध देशाचा आकडा १९७१ मध्ये १२९ होता, तो १९९६ मध्ये ७२ वर आला. जामखेडची गावे देशाच्याच गतीने सुधारली असती तर १७६ चे सुमारे ९८ झाले असते; झाले २६. या ९८ आणि २६ मधला फरक तो प्रकल्पाचा, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि मोजणारे आणि काम करणारे एकच असले म्हणजे आकड्याला थोडा वास राहतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बुद्धी शुद्ध असली तरी डोळा आपल्याला हवे ते आधी पाहतो. उलट पक्षी हेही खरे, की मोजणी जशी सुधारते तसे पूर्वी लपलेले मृत्यू उघडे पडतात, आणि आकडा घटण्याऐवजी वाढावयाचा. तो घटला, म्हणजे प्रत्यक्ष घट दिसते तीहून मोठीही असेल. अशा दोन्ही बाजूंनी बोलता येते तोवर वाद संपत नाही.

जगाने मात्र वाद संपण्याची वाट पाहिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडची हकीकत आली. १९७८ मध्ये अल्मा-आता येथील परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा निघाला. त्याच्या सिद्धतेत कार्ल टेलर यांचा मोठा भाग होता. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

खरी परीक्षा फार उशिरा झाली. बाहेरच्या संशोधकांनी जामखेडच्या प्रकल्पातली गावे आणि तशाच परिस्थितीतली प्रकल्पाबाहेरची गावे निवडून, तेथल्या आयांना त्यांच्या बाळंतपणांचा सगळा वृत्तांत विचारला. १९९२ पासूनच्या पंधरा वर्षांत कोणते मूल केव्हा जन्मले आणि असल्यास केव्हा गेले, ते टिपले. जात, धर्म, आईचे शिक्षण यांचे फरक गणिताने वजा केले. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांच्या आत मूल दगावण्याचा धोका शेकडा ३० ने कमी होता. आणि योगायोगाची गुंजाइश धरली तर खरा आकडा ६ ते ४८ यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल.

शेकडा ३० हे ऐकून कोणी हिरमुसला होईल. ९८ आणि २६ पाहिलेल्या डोळ्यांना ते थोडेच वाटणार. पण तुलना कशाशी आहे ते पाहावे. १९९२ पर्यंत शेजारच्या गावांतही रस्ता, लस आणि सरकारी दवाखाना पोचला होता. आणि जामखेडच्या रुग्णालयाचे दार प्रकल्पाबाहेरच्या गावांना काही बंद नव्हते. ज्या दिव्याचा उजेड मोजावयाचा तो शेजारच्या अंगणातही पडत असला म्हणजे दोन अंगणांतला फरक कमीच भरणार. अशा स्थितीतही फरक उरला, याचे आम्हांस अधिक महत्त्व वाटते. आरोळ्यांच्या भक्तांनी सांगितलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा तिऱ्हाइताने काढलेला हा लहान आकडा आम्ही अधिक मोलाचा मानतो.

त्या निबंधात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती टोचणारी आहे. हा फरक मुख्यतः एक महिन्यापुढच्या मुलांत होता. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात जी मुले जातात, त्यांच्या बाबतीत जामखेडची गावे आणि इतर गावे यांत म्हणण्यासारखे अंतर दिसले नाही. हात धुणे आणि मीठ-साखरेचे पाणी हगवणीला हरविते. अपुऱ्या दिवसांच्या, गार पडत चाललेल्या, रक्तात विष भिनलेल्या नवजात अर्भकापुढे ते अपुरे पडते.

त्या पहिल्या महिन्याचे उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला निघाले होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, हेही जॉन्स हॉपकिन्सचेच विद्यार्थी, यांनी प्रयोग आरंभीच वेगळ्या रीतीने मांडला: ३९ गावांत उपाय करावयाचा, ४७ गावांत केवळ मोजावयाचे. गावातल्याच बाईला अर्भकाचे श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, जंतुदोष ओळखणे आणि जरूर पडल्यास इंजेक्शन देणेही शिकविले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यक नियतकालिकात त्याचा वृत्तांत आला. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांचा हिशेब वजा जाता, नवजात मुलांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले होते. मेबल आरोळे त्याच वर्षी वारल्या. रजनीकांत २०११ पर्यंत हयात होते. सरकारने २००५ पासून गावोगाव ‘आशा’ नेमावयास सुरुवात केली, आणि २०११ मध्ये तिच्या कामात नवजात अर्भकाच्या घरी जाऊन त्याची तपासणी करण्याचा कार्यक्रम घातला. घरी झालेल्या बाळंतपणानंतर अशा सात भेटी ठरविल्या आहेत: पहिल्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.