पंगतीतून उभी राहिलेली संघटना : जुन्नर-आंबेगावचे आदिवासी विद्यार्थी आणि पुण्यातील वसतिगृहे

१/ जुलै २०१८. सह्याद्रीच्या खाचरांत भाताची आवणी सुरू होती. त्याच दिवसांत पुण्यातील वसतिगृहांतून आदिवासी विद्यार्थी पुणे-नाशिक महामार्गाने पायी निघाले. त्यांची मागणी चमत्कारिक वाटावी अशी होती : खात्यात पैसे नकोत, वसतिगृहातील खानावळ हवी. रोख रक्कम नाकारून सामायिक जेवण मागणाऱ्या या मोर्चामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ आरंभ जुन्नरपासून. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. म्हणजे या डोंगरात हिशेब लिहिण्याची परंपरा दोन हजार वर्षांची. मात्र त्याच डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांच्या हाती लेखणी येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

३/ लेखणी हाती नसण्याची किंमत एकोणिसाव्या शतकात कळली. सारा रोख भरायचा, रोख सावकाराकडून घ्यायची आणि त्याने लिहिलेल्या खतावर न वाचता अंगठा उठवायचा. १८७३ पासून आंबेगाव भागातील जांभोरीच्या होन्या केंगले यांनी सावकारांवर हल्ले सुरू केले. सावकारांची नाके कापली गेल्याची नोंद ब्रिटिश गॅझेटियरने केली आहे. १८७६ मध्ये मेजर डॅनियलने होन्यांना पकडले.

४/ याच काळात, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. मैदानातील कुणबी आणि डोंगरातील कोळी, दोघांचाही रोष कागदावर होता. कागद जाळला तरी व्यवस्था शिल्लक राहते, हे पुढील पिढ्यांना उमगले. कागद वाचता आला पाहिजे. त्यासाठी शाळा हवी आणि शाळा दूर असेल तर राहण्याची सोय हवी.

५/ महाराष्ट्रातील बहुजन शिक्षणाचा इतिहास म्हणूनच शाळांइतका वसतिगृहांचाही इतिहास आहे. १९०१ मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि नंतर तेथे अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवत. १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू केले.

६/ पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. त्याच सुमारास केंद्र सरकारने अनुसूचित जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली आणि १९५० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने जमातींची सूची जाहीर झाली. कागदावर वाट मोकळी झाली. प्रत्यक्षात आहुपे किंवा नाणेघाटालगतच्या वाड्यांवरून मॅट्रिकपर्यंत पोहोचणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी होती.

७/ त्या थोड्यांपैकी एक गोविंद गारे (१९३९-२००६), जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे. ते पुढे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले. ही संस्था १९६२ मध्ये स्थापन झालेली. ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हा त्यांचा ग्रंथ. ज्या समाजाविषयी तोवर गॅझेटियरमध्ये साहेबांनी लिहिले होते, त्याच्याविषयी आता त्याच समाजातील माणूस मराठीत लिहू लागला होता.

८/ सत्तरच्या दशकात चित्र पालटू लागले. १९७२-७३ पासून राज्यात शासकीय आश्रमशाळांचा विस्तार झाला. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आले. जुन्नर, मंचर व घोडेगाव येथे महाविद्यालये निघाली. आश्रमशाळेतून तालुक्याच्या वसतिगृहात आणि तेथून पुण्याच्या वसतिगृहात, अशी शिक्षणाची एक पायवाट रुळली. तिच्या प्रत्येक मुक्कामावर एक खानावळ होती.

९/ या मुलांच्या घरचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. पावसाळ्यात उताराच्या खाचरांतील भात, उन्हाळ्यात हिरडा. बाळहिरडा वेचून, वाळवून विकायचा. रोख पैसा हाती येण्याचा तोच मुख्य हंगाम. घोड नदीवरील डिंभे धरणाने खोऱ्यातील उत्तम जमीन पाण्याखाली घेतली. ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगावही त्याच जलाशयात गेले. अशा घरातून शहरातील खोलीभाडे आणि मेसचे पैसे दरमहा येणे अशक्यच.

१०/ म्हणून वसतिगृह ही या विद्यार्थ्यांची खरी विद्यापीठ-वस्ती ठरली. वर्गात ते विखुरलेले असत, एखाद्या तुकडीत एक, दुसरीत दोन. बोलीवरून आणि आडनावावरून ओळखले जाण्याचा संकोच तेथे असे. सायंकाळी जेवायला बसल्यावर मात्र जुन्नर, आंबेगाव, खेड, अकोले आणि नंदुरबारची मुले एका ओळीत येत. कोणाची शिष्यवृत्ती थांबली, कोणाचा प्रवेश अडला, अर्ज कोठे द्यायचा, हे सारे तेथे कळे.

११/ संघटना जन्मली ती या पंगतीत. पहिले प्रश्न साधे होते : भाजी पातळ, पाणी अपुरे, प्रवेशयादी लांबलेली. निवेदन लिहिणे, प्रतिनिधी निवडणे, प्रकल्प कार्यालयासमोर बसणे, ही लोकशाहीची प्राथमिक शाळाच होती. स्टुडंट्स फेडरेशन ऑफ इंडियासारख्या डाव्या विद्यार्थी संघटनांनी घोडेगाव-जुन्नर भागात हेच प्रश्न हाती घेतले, आदिवासी समाजाच्या स्वतःच्या संघटनांनीही घेतले. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आणि १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती ही विद्यार्थ्यांच्या दिनदर्शिकेतील ठळक पाने झाली.

१२/ जगात अन्यत्रही असेच घडले आहे. मार्च १९६८ मध्ये अमेरिकेतील पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या शाळकरी मुलांनी निकृष्ट शिक्षणाविरुद्ध वर्गांतून बाहेर पडून निषेध केला. एप्रिल १९६९ मध्ये सांता बार्बरा येथील परिषदेतून ‘मेचा’ ही विद्यार्थी संघटना आकाराला आली. विद्यापीठात आपल्या समाजाचा अभ्यास व्हावा आणि आपली मुले तेथे टिकावीत, या त्यांच्या मागण्या. विद्यापीठात एकटा पडलेला विद्यार्थी आधी आपली माणसे शोधतो. संघटना त्यानंतर येते.

१३/ पुण्यातील आदिवासी विद्यार्थ्यांसमोर आणखी एक प्रश्न होता, आणि तो पुन्हा कागदाचाच. १९७६ च्या कायद्याने जमातींच्या सूचीवरील क्षेत्रबंधन उठले. खऱ्या आदिवासींना राज्यात कोठेही सवलत मिळावी, हा हेतू रास्तच होता. परंतु नामसाधर्म्याचा लाभ घेऊन इतरांनीही जमातीची प्रमाणपत्रे मिळवल्याच्या तक्रारी वाढल्या. ‘कोळी’ हे नाव अनेक भिन्न समाजांना लागत असल्याने महादेव कोळी जमातीच्या जागांवर हा वाद सर्वाधिक पेटला.

१४/ सप्टेंबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असाच एक दावा आला. महादेव कोळी असल्याच्या प्रमाणपत्रावर व्यावसायिक महाविद्यालयातील राखीव जागा घेतल्याचे ते प्रकरण होते. न्यायालयाने दावा अमान्य केला आणि प्रमाणपत्र-पडताळणीची सविस्तर कार्यपद्धती घालून दिली. देशभरातील पडताळणी समित्यांचा पाया या निकालात आहे. सह्याद्रीतील एका जमातीच्या नावावरून सुरू झालेला वाद अशा रीतीने देशाचा दंडक बनला.

१५/ पण या दंडकाची दुसरी बाजूही होती. पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो : आजोबांचा शाळेचा दाखला, जुनी महसुली नोंद. ज्यांचे आजोबा शाळेची पायरी चढलेच नाहीत, त्यांनी दाखला कोठून आणायचा? घुसखोरी रोखण्यासाठी मागितलेला कागद खऱ्या आदिवासी विद्यार्थ्यालाही अडवू शकत होता. वसतिगृहातील ज्येष्ठ विद्यार्थ्याचे अनुभवी मार्गदर्शन येथे वकिलाइतके मोलाचे ठरे.

१६/ जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. प्रमाणपत्र अवैध ठरले तर त्यावर मिळालेली नोकरी वा पदवीचा लाभ टिकणार नाही, असा तो निर्णय. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये राज्य शासनाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग केले. रिकाम्या होणाऱ्या मूळ जागा आदिवासी उमेदवारांतून भरा, ही मागणी तेव्हापासून विद्यार्थी मोर्चांत सतत ऐकू येते.

१७/ दरम्यान वसतिगृहातील जागा विद्यार्थ्यांना पुरेनाशा झाल्या. २०१६ मध्ये शासनाने पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणली. प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. योजनेने अनेकांचे शिक्षण सावरले. त्याचबरोबर विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत विखुरलेही गेले.

१८/ एप्रिल २०१८ मध्ये शासनाने ठरवले की शहरांतील वसतिगृहांची खानावळ बंद करून भोजनाची रक्कम थेट खात्यात जमा करावी. शासनाची बाजू अशी की ठेकेदारांचा गैरव्यवहार थांबेल आणि मुलांना आवडीचे खाता येईल. विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की हप्ता लांबला तर उपाशी राहावे लागेल. मुलींना रात्री जेवणासाठी बाहेर पडावे लागेल. घरी अडचण आली की तीच रक्कम गावाकडे पाठवावी लागेल.

१९/ हे तिन्ही आक्षेप व्यावहारिक होते. चौथी गोष्ट निवेदनात मांडणे अवघड होते : खानावळ गेली की पंगत जाते, आणि पंगत गेली की संघटनेचा पायाच हलतो. म्हणून जुलैमध्ये ते चालू लागले. त्यांचा मार्ग राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा, म्हणजे खुद्द आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतून होता. त्याच वर्षी मार्चमध्ये शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून मुंबईला चालत गेले होते. मुलांनी आपल्या वडीलधाऱ्यांचा धडा गिरवला. गंतव्य नाशिकचे आदिवासी विकास आयुक्तालय.

२०/ मोर्चा नाशिकला पोहोचू शकला नाही. जिल्ह्याच्या हद्दीत नांदूरशिंगोटे येथे पोलिसांनी तो अडवला. थेट रकमेचे धोरण पुढेही चालू राहिले.

२१/ तरीही या मोर्चाचे स्थान इतिहासात नोंदवावे लागेल. होन्या केंगले यांच्या काळात जांभोरीचा माणूस खतावर अंगठा उठवत होता. आता त्याच खोऱ्यातील मुले शासन निर्णयाचे कलम वाचून त्यातील उणीव दाखवत होती. हे वाचन त्यांनी एकट्याने शिकलेले नव्हते. डाळीच्या वाफेत, एका ओळीत बसून, मोठ्यांनी धाकट्यांना शिकवलेले ते वाचन होते. आज विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत जेवतात. ती ओळ पुन्हा कोठे जुळवायची, हा प्रश्न जुन्नर-आंबेगावहून दर जूनमध्ये पुण्यात उतरणाऱ्या नव्या मुलांपुढे आजही उभा आहे.