पडवीतील मोटार

पेडणे तालुक्यातील तुये हे गाव शापोरा नदीच्या उत्तर तीरावर आहे. नदी म्हणावयाची ती रूढीने; या भागात ती खाडीच झालेली असते, आणि भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा गावाच्या कडेने आत शिरते. समोरच्या तीरावर बार्देशातील कामुर्ली. पावसाळ्याचे चार महिने येथे कोरडा असा दिवस क्वचितच लाभतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांत समुद्राकडून येणारा वारा मिठाचा सूक्ष्म अंश पत्र्यावर, खिळ्यावर, दाराच्या कडीवर ठेवून जातो. जांभ्या दगडाची भिंत या हवेला पुरून उरते. लोखंड उरत नाही.

अशा मुलखात घराच्या पडवीत किंवा माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या मांगरात साठ-सत्तर वर्षांची एखादी मोटार उभी असली, तर तिचे काय होते हे पाहण्यासारखे असते. चाकांतील हवा केव्हाच गेलेली, आसनांच्या काथ्यात उंदरांनी संसार थाटलेला, बोनेटवर कोंबड्यांचा मुक्काम, आणि दरवाजाखालची पट्टी बोटाने दाबली तर बिस्किटासारखी चुरणारी. घरातील मुलांच्या दृष्टीने ते लपंडावाचे ठिकाण, सुनेच्या दृष्टीने अडगळ आणि भंगारवाल्याच्या दृष्टीने वजन. ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी असे ज्याच्या मनात येते, त्याला घरचे लोक प्रथम हसतात. पण तो जे करू पाहतो त्यात केवळ छंद नाही. या गाड्या गोव्यात आल्या कशा, हा गोमंतकाच्या इतिहासातील एक चमत्कारिक अध्याय आहे, आणि त्याचे कागद फार थोडे उरले आहेत.

पेडणे हा नव्या काबिजादींपैकी एक महाल. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला. जुन्या काबिजादींतील तिसवाडी, बार्देश, सासष्टी येथे जे रस्ते आणि ज्या सोयी झाल्या, त्या येथे फार उशिरा पोचल्या. मोटार ही वस्तू या बाजूला बहुधा जमीनदाराच्या, व्यापाऱ्याच्या किंवा खाणवाल्याच्याच घरी दिसावयाची. इतरांच्या वाट्याला कामियांवातील दाटी किंवा पायांखालची वाट. ही गोष्ट विसरून जुन्या गाड्यांचे कौतुक करणे बरे नव्हे.

पहिल्या पिढीच्या गाड्या मुंबईच्या वळणाच्या होत्या, आणि त्यांत अमेरिकन व इंग्रजी गाड्यांचा भरणा. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. त्याच १९२८ साली पोर्तुगालने आपली वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला नेली. पण गोव्याचा शेजार ब्रिटिश हिंदुस्थानाचा असल्यामुळे गोव्यात वाहने डावीकडूनच चालत राहिली. साम्राज्याच्या आज्ञेपेक्षा शेजारच्या रस्त्याची सोय मोठी ठरली, आणि पुढे १९६१ साली मुक्ती झाली तेव्हा निदान ही एक गोष्ट बदलावी लागली नाही.

स्वातंत्र्यानंतर भारताने मोटारींच्या आयातीवर निर्बंध घातले. सुटे भाग आणून नुसते जोडणाऱ्यांनी एक तर येथे उत्पादन सुरू करावे, नाही तर गाशा गुंडाळावा, असे १९५३ साली सरकारी धोरण ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्या १९५४ साली निघून गेल्या. मागे उरले ते कलकत्त्याचे हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंद यांनी उभारलेली कुर्ल्याची प्रीमिअर ऑटोमोबाइल्स आणि आणखी एक-दोन कारखाने. भारतीय ग्राहकाला निवड अशी फारशी राहिली नाही, आणि जी गाडी मिळे तिच्यासाठीही वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागे.

नेमक्या याच सुमारास गोव्यात उलटा प्रवाह सुरू झाला. १९५४ च्या मध्यापासून भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी पेडणे महालाच्या टोकावरील तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा लावला. पुढच्या वर्षीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक माणसे मेली, आणि सरहद्द पूर्ण बंद झाली. मग गोव्याला बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून आणि पोलाद बेल्जममधून येऊ लागले. या सगळ्याचे पैसे दिले ते डिचोली, सांगे या भागांतील लोखंडाच्या मातीने. शिरगाव, मये, पाळी या परिसरातील खनिज बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगाव बंदरात जाई, आणि तेथून जपान, पश्चिम जर्मनी, इटली या देशांत. दरसाल लक्षावधी टन माल जात होता. येणाऱ्या जहाजांतून मग मोटारीही उतरू लागल्या: मर्सिडीज, ओपेल, फोक्सवागन, फियाट. शेजारच्या सावंतवाडीत जी गाडी चित्रातच पाहावयाची, ती पणजीत भाड्याने फिरत असे. मुक्तीनंतर आलेल्या पाहुण्यांना मर्सिडीजची टॅक्सी पाहून मोठे नवल वाटे.

ही समृद्धी कोणाची होती, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. ज्या राजवटीत सभा भरविणे गुन्हा होता, वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते आणि देशभक्तांना आग्वादच्या तुरुंगात किंवा थेट पोर्तुगालला पाठविले जात होते, त्या राजवटीने आपले बरे चालले आहे असे जगाला दाखविण्यासाठी बंदरे खुली ठेवली होती. दुकानातील परदेशी माल हा त्या देखाव्याचा भाग होता. तेव्हा पडवीतील ती गाडी जपावी, पण त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी जपू नये.

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय सैन्य आत शिरले, तेव्हा पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोलीचा, अस्नोड्याचा आणि शापोरा नदीवरचा असे पूल उडवून दिले. सैन्य नद्या ओलांडून पुढे गेले आणि १९ तारखेला सत्तांतर झाले. पेडण्याला मात्र नदीवरचा पूल गेल्याने उर्वरित गोव्याकडे जावयाचे तर होडीचा आश्रय उरला. नव्या राजवटीत आयातीचे भारतीय नियम लागू झाले. जर्मन गाड्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाले, आणि ज्या गाडीचा एक छोटासा पंप निकामी झाला ती 'पुढे पाहू' म्हणून पडवीत ढकलली गेली. बऱ्याच गाड्यांच्या मरणाचे कारण अपघात नसते, असले एखादे 'पुढे पाहू' असते.

उभ्या गाडीला मग हवा खाऊ लागते. गंज म्हणजे लोखंडाचा प्राणवायूशी आणि पाण्याशी झालेला संयोग. मीठ त्याला घाई करते. डिचोलीची तांबडी माती हीदेखील लोखंडाचे प्राणिदच. खाणीतून निघालेली माती जर्मनीच्या भट्टीत पोलाद होऊन, गाडीचे रूप घेऊन परत यावी आणि शापोऱ्याच्या काठी पुन्हा हळूहळू माती व्हावी, असा हा फेरा आहे. गोव्याचेच लोखंड परत आले असेल असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये, इतकेच. गंजाला मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा लागते. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज पाचरीसारखे काम करून सांधा फोडतो. वरून रंग चकचकीत आणि आतून पोकळ, अशी अवस्था होते. जाणता माणूस अशी गाडी घेताना फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक तिच्या अंगावरून फिरवितो. जेथे ते चिकटत नाही तेथे लोखंड नसून लांबी भरलेली आहे, हे उघड होते.

घरी हे काम काढणाऱ्याची पहिली चूक म्हणजे उत्साहाच्या भरात सगळे खोलून टाकणे. चार दिवसांत गाडी मोकळी होते आणि चार वर्षांत जुळत नाही. प्रत्येक बोल्ट कोणत्या भोकातला, कोणत्या तारेचे टोक कोठे, याची छायाचित्रे आणि चिठ्ठ्या लावलेले डबे हवेत. पान्ह्यांचीही गंमत आहे. जर्मन गाडीला मिलिमीटरचा पान्हा लागतो, अमेरिकन गाडीला इंचाचा, आणि जुन्या इंग्रजी गाडीला व्हिटवर्थ मापाचा, जो या दोहोंतही बसत नाही. चुकीच्या पान्ह्याने घासून गोल केलेली बोल्टची डोकी पाहिली की, मागील मिस्त्रीजवळ कोणते पान्हे होते हे कळते.

इंजिन जाम झालेले असते. ते जोराने फिरविण्याचा मोह आवरावा लागतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये राकेल व तेल यांचे मिश्रण ओतावे, काही दिवस मुरू द्यावे, आणि मग हँडल लावून हाताने थोडे पुढे, थोडे मागे असे सोडवावे. दट्ट्याची कडी तुटली तर तोटा मोठा होतो. आठवडा थांबण्यात काहीच तोटा नाही. पेट्रोलची टाकी ही त्याहून धोक्याची. रिकामी दिसणाऱ्या टाकीतही वाफ दबा धरून असते, आणि तिच्यावर वेल्डिंगची ज्योत धरणारा माणूस जिवाला मुकतो. ब्रेकच्या बाबतीत तर काटकसर मुळीच करू नये. जुने रबर, जुन्या नळ्या, जुने तेल सगळे काढून नवे घालावे. कापडी वेष्टनाच्या जुन्या तारा उंदरांनी सोडल्या असल्या तरी ठेवू नयेत.

गंज काढण्याच्या रीती अनेक आहेत. तारेचा ब्रश आणि घामाने भिजलेली पाठ ही सर्वांत जुनी. लहान भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडतात. गंजलेला भाग ऋण टोकाला आणि निरुपयोगी लोखंडाचा तुकडा धन टोकाला. त्यात हायड्रोजन वायू निघत असल्यामुळे हे काम उघड्यावर करतात, आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावत नाहीत, कारण त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. उसाची मळी नऊ-दहा पट पाण्यात कालवून तीत भाग एक-दोन आठवडे बुडवून ठेवण्याची युक्तीही उपयोगी पडते. वास मात्र शेजाऱ्यांना सहन व्हावा लागतो. स्वच्छ झालेल्या लोखंडाला लगेच अस्तराचा रंग न दिल्यास आपल्या हवेत सकाळचे काम संध्याकाळी पुन्हा तांबूस होते. पूर्वी अस्तराला शेंदूर, म्हणजे शिशाचे प्राणिद वापरीत. गंजाला तो चांगलाच रोखी, पण जुना रंग खरवडताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसांत जाते, आणि पडवीत खेळणाऱ्या मुलांना तर ती फारच घातक. तोंडाला चांगला मुखवटा आणि मुलांना परसातली वाट, हे दोन्ही हवे.

पत्र्याचे काम सर्वांत अवघड. जुन्या अमेरिकन गाड्यांचे अंग चासीवर बोल्टने बसविलेले असे. ते उचलून बाजूला ठेवता येई. १९५३ साली निघालेल्या मर्सिडीज १८० मध्ये मात्र अंग आणि तळ मिळून एकच सांगाडा आहे. तिच्या दरवाजाखालचे कुजलेले भाग आधार न देता कापले, तर मधला भाग खचतो आणि मग दारे जन्मात नीट लागत नाहीत. आधी दारांच्या चौकटींत लोखंडी तिढे बसवून मगच कापावयाचे. हातोडी व ठोकळा घेऊन सपाट पत्र्यातून मडगार्डची गोलाई काढणारे जुने मिस्त्री आता थोडे राहिले आहेत. गॅरेजांत भाग ठोकण्याऐवजी बदलण्याची चाल पडली. ज्या गाडीचे भागच मिळत नाहीत तिला या चालीचा उपयोग नाही, आणि म्हणून एका अर्थी हे मिस्त्री गाडीहून अधिक दुर्मीळ आहेत.

मग प्रश्न येतो तो किती बदलावे याचा. सगळा पत्रा नवा, इंजिन दुसरे, रंग मनाजोगा, अशी गाडी दिसते सुंदर. पण तिच्यात जुने काय राहिले? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी या वादात कायद्याची बाजू आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार रुपये शुल्क. मुदत दहा वर्षांची. नव्या क्रमांकात 'व्ही. ए.' ही अक्षरे येतात, आणि आधी नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. रोजच्या वापराला अथवा धंद्याला ती गाडी लावता येत नाही. प्रदर्शन, अभ्यास, शर्यती-मिरवणुका, इंधन भरणे आणि दुरुस्ती इतक्यापुरतीच ती रस्त्यावर यावयाची. नियम कडक आहे, पण हौसेपोटी गाडीचे सोंग करणाऱ्यांना त्याने थोडा लगाम बसेल.

दक्षिण गोव्यात या वस्तू जपण्याची काही उदाहरणे आहेत. नुवें येथे जुन्या मोटारींचे 'अश्वेक व्हिंटेज वर्ल्ड' आहे, आणि बाणावलीत व्हिक्टर ह्यूगो गोमीश यांनी 'गोवा चित्र' या संग्रहालयाच्या जोडीला गाड्या-रथांचे 'गोवा चक्र' उभे केले. उत्तरेकडे, पेडण्याच्या बाजूला, वारे वेगळे आहे. तुयेत औद्योगिक वसाहत आली. पुढे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांसाठी तेथेच जागा आखण्यात आली. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाचा विमानतळ उघडला. जमिनीला भाव आला की जुनी घरे पाडली जातात, आणि घर पाडताना पडवीतल्या वस्तूचा विचार शेवटी होतो. मांगरातील गाडी मग किलोच्या भावाने जाते.

तिच्याबरोबर जे जाते त्याची नोंद कोणी ठेवीत नाही: हातमोज्यांच्या कप्प्यात राहिलेली पोर्तुगीज भाषेतील नोंदणीपुस्तिका, पाटीवर मुक्तीनंतर रंगविलेली 'जी. डी. ए.' ही अक्षरे, आणि एकावर एक चढलेले रंग. घासकाम करणाऱ्याला काचकागदाखाली हे थर एकामागून एक दिसतात. कारखान्याचा मूळ रंग बहुधा मागच्या आसनाखाली किंवा डॅशबोर्डच्या पाठीमागे सापडतो, कारण तेथवर नंतरच्या कोणा रंगाऱ्याचा हात पोचलेला नसतो. काही जाणते लोक सगळी गाडी नव्याने रंगवितात आणि तेवढी तळहाताएवढी जागा तशीच सोडतात.